बुलेट ट्रेनचं स्टेशन आखायचं तर आधी दारं ठरवा

भर शहरात वेगवान रेल्वेचं स्टेशन आखायचं म्हटलं की सगळे आधी रुळांचा नकाशा उघडतात. नगररचनेच्या कामाला लागलेल्या नव्या मुलांना मी आधी दारांच्या जागा ठरवायला लावते. उदाहरण आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलाचं. मुंबई-अहमदाबाद मार्गावर बारा स्टेशनं, त्यांतलं जमिनीखालचं एवढं एकच.

सुरुवात चालण्याच्या हिशेबाने करा. गाडी सोळा डब्यांची, म्हणून फलाट सुमारे ४१५ मीटर लांब. हातात बॅगा असलेला माणूस मिनिटाला साठेक मीटर चालतो असं धरलं, तर या टोकापासून त्या टोकाला जायला सात मिनिटं लागतात. त्यात स्टेशनचं खोदकाम सुमारे ३२ मीटर खोल, म्हणजे दहा मजले, आणि फलाट जमिनीखाली सुमारे २६ मीटरवर. सरकता जिना सेकंदाला अर्धा मीटर पुढे जातो आणि त्याचा चढ ३० अंशांचा असतो. फलाटावरून नुसतं वर यायला पावणेदोन मिनिटं लागतात, मधल्या मजल्यावरचं चालणं वेगळंच. म्हणून नकाशावर मीटरऐवजी मिनिटं लिहा. आणि लिफ्ट कोपऱ्यात ढकलू नका. गुडघे दुखणाऱ्या आजीला तोच एक रस्ता आहे.

मग माणसं कुठून येतात ते बघा. इथे एक दार मेट्रो २बी च्या बाजूला आणि दुसरं एमटीएनएलच्या इमारतीकडे ठेवायचं ठरलं आहे. तेवढ्यावर थांबू नका. सकाळी नऊच्या सुमारास वांद्रे पूर्वेला शेअर रिक्षाच्या रांगेपाशी उभे राहा, दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला. रांग कुठवर जाते, पाऊस आला की लोक कुठे आडोसा शोधतात, हे वहीत टिपा. सुरतेहून हिरे बाजारात येणारा व्यापारी आणि सहा बॅगा घेऊन लग्नाला निघालेलं कुटुंब, दोघांच्याही वाटा काढून बघा. रिक्षा-टॅक्सीला थांबायला जागा ठेवली नाहीत तर त्या रस्त्यावरच थांबणार.

आता पाणी. मुंबईत माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यावा. हे संकुल मिठी नदीला लागून आहे आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवशी पाणी कुठवर चढलं होतं ते आसपासच्या जुन्या रहिवाशांना विचारा, भिंतीवर खूण करून घ्या, आणि प्रत्येक दाराचा उंबरा त्याहून बराच वर ठेवा. आधी थोडं चढायचं आणि मग खाली उतरायचं, अशीच रचना हवी. शेजारी उतार द्या, म्हणजे चाकाची खुर्चीही जाईल. हवा खेळवणाऱ्या झडपांची तोंडं, केबलच्या वाटा, लिफ्टचे खड्डे हेही त्याच पातळीशी ताडून बघा. पाणी दारातूनच शिरतं असं नाही. उपसा पंपांची वीज मुख्य जोडणीपासून वेगळी ठेवा.

वर इमारत येणार असेल तर तिचे खांब कुठे उतरणार हे खोदकामाआधी पक्कं करा. नाहीतर नंतर तेच खांब फलाटावर, नेमके जिन्याच्या तोंडाशी येतात.