जुन्या गाडीचं दुखणं नेमकं कसं शोधून घ्यावं

गॅरेजमध्ये ‘रेडिएटर बदला’ म्हणू नका, लक्षण सांगा. गाडी कधी तापते? मुंबईत सायनच्या सिग्नलला उभी असताना तापते आणि फ्रीवेवर तापमानाचा काटा खाली येतो, तर संशय आधी फॅनची मोटर, रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज यांवर. वेगातही तापत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), थर्मोस्टॅट (त्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), चोक झालेला रेडिएटर, वॉटर पंप. हे तपासल्याशिवाय कोणी थेट हेड गॅस्केटवर (इंजिनच्या हेडखालच्या सीलवर) आला, तर प्रेशर टेस्ट करून दाखवायला सांगा.

सेल्फ उचलत नसेल तर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावायला लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या चार्ज बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू इंजिनवरही १२.५च्या आसपासच असेल तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा), बेल्ट आणि वायरिंग बघा; नवी बॅटरीही बसेल. म्हणजे डाउन होईल! पावसाळ्यानंतर गंजलेलं अर्थिंग किंवा टर्मिनलही हेच नाटक करतं. साफ करायला दहा मिनिटं.

भाव विचारताना पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. पार्ट नंबर मागा, ऑपेरा हाउसच्या स्पेअर बाजारात त्याच नंबरचा दर विचारा. डब्यावरची एमआरपी बघा. ओरिजिनल, दुसऱ्या कंपनीचा की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा वापरलेला, हेही बिलावर हवं. वापरलेला दरवाजा, आरसा चालेल; ब्रेकचे पार्ट नकोत. जुना पार्ट हातात घ्या. ‘फेकून दिला’ हे उत्तर नाही. आणि वाढीव काम फोनवर विचारल्याशिवाय नको, हे चावी देतानाच बजावा.