दर्या की दऱ्या? मराठी कीबोर्डवरच्या अडणाऱ्या अक्षरांसाठी

माझं दुकान फोर्टात, हायकोर्टापासून हाकेच्या अंतरावर आहे. वकिलांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सोसायट्यांच्या नोटिसा, लग्नपत्रिका, सगळं टाइप करून देते. हल्ली बरेच जण घरून स्वतःच टाइप करून आणतात आणि ‘‘ताई, फक्त प्रिंट काढा’’ म्हणतात. फाइल उघडते तर आत ‘दुसर्या दिवशी’, ‘बुध्द’, ‘वाड्मय’. मला ते तसं छापवत नाही. माणसाला शुद्धलेखन येत असतं, पण कुठलं बटण दाबायचं ते कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

विंडोजमध्ये सेटिंग्जच्या भाषेच्या भागात जाऊन मराठी जोडा. ‘मराठी’ नावाचा जो कीबोर्ड मिळतो तो इनस्क्रिप्ट. बोलल्यासारखं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं असेल तर २०१९पासून ‘मराठी फोनेटिक’ही मिळतो, पण मी इनस्क्रिप्टच शिकवते. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. बटणांवर मराठी अक्षरं छापलेली नसली तरी काही बिघडत नाही. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा, पडद्यावर कीबोर्ड उघडेल आणि कुठे काय आहे ते दिसेल. शिफ्ट दाबून धरलंत की दुसरा थरही दिसेल.

इनस्क्रिप्ट केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. सगळ्या भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच, त्यामुळे भुलेश्वरच्या व्यापाऱ्यांची गुजराती पत्रकं मी त्याच बोटांनी टाइप करते. नियमही एकच: जसं उच्चारता तसं टाइप करा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण आधी क दाबायचा, मग वेलांटी. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेल्यांना हे सुरुवातीला फार जड जातं, पण सवय होते.

सगळ्यांत महत्त्वाचं बटण म्हणजे इंग्रजी डी. ते अक्षराचा पाय मोडतं. पाय मोडला की पुढचं अक्षर येऊन चिकटतं, आणि मराठीतली बहुतेक सगळी जोडाक्षरं याच एका बटणावर तयार होतात. क्ष, त्र, ज्ञ, श्र यांची तयार बटणं शिफ्टबरोबर आकड्यांच्या ओळीत आहेत: सहावर त्र, सातवर क्ष, आठवर श्र, पाचवर ज्ञ.

आता खरी अडचण, ऱ्य आणि ऱ्ह. रचे दोन अर्धे अवतार आहेत. ‘सूर्य’मध्ये तो रफार होऊन डोक्यावर बसतो, ‘दुसऱ्या’मध्ये आडवा होऊन यला टेकतो. दोन्ही ठिकाणी साधा र वापरून दुसऱ्या प्रकाराची अपेक्षा करणं, इथेच बहुतेकांचं अडतं. साधा र इंग्रजी जेवर आहे. शिफ्टबरोबर जे दाबलं की ऱ येतो, खाली टिंब असलेला. मराठीत तो एकटा वापरायचा नसतो, पण त्याचा पाय मोडून पुढे य किंवा ह दिला की आडवा र तयार होतो.

करून बघा. दर्या, म्हणजे समुद्र: ओ, जे, डी, तिरकी रेघ (/, यावर य आहे), ई. दऱ्या, म्हणजे डोंगरातल्या: ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. फरक फक्त एका शिफ्टचा. लग्नाच्या कामांच्या यादीत ‘आचाऱ्यांना दक्षिणा’ आणि ‘आचार्यांना दक्षिणा’ यांत पैसे स्वयंपाक करणाऱ्याला जायचे की गुरुजींना, ते याच शिफ्टवर ठरतं. कऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, सगळे याच पद्धतीने लिहायचे, फक्त यच्या जागी इंग्रजी यूवरचा ह.

एक इशारा. फाइलभर ‘दुसर्या’, ‘सार्या’ पडलेलं असेल तर ‘र्य’ शोधून ‘रिप्लेस ऑल’ कधीही दाबू नका. सूर्य, कार्य, आर्य, कार्यालय, सगळे एका फटक्यात बिघडतील. एकेक शब्द बघूनच बदला. वेळ जातो, पण पर्याय नाही.

काही जुन्या फाइलींत हाच आडवा र वेगळ्या रीतीने आलेला असतो: साधा र, पाय, मग न दिसणारं एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कॉम्प्युटर मात्र अक्षराचं रूप बघत नाही, आतला क्रमांक बघतो, आणि तो वेगळा असतो. म्हणून यादीत नाव डोळ्यांना दिसतं आणि शोधायला गेलं की सापडत नाही.

ॲचं नेमकं हेच होतं. आमच्याकडे दिवसभर ‘ॲड.’ लिहावं लागतं, वकिलांची वस्तीच आहे. ॲ आणि ऑ यांना शासनाच्या २००९च्या निर्णयाने वर्णमालेत जागा दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ साली, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला असा आतला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, ५.१ आवृत्तीत ॲला स्वतःचा क्रमांक मिळाला होता. पण तोवर लोकांना अवर वेगळा अर्धचंद्र ठेवून ‘अॅ’ लिहायची सवय लागली होती, म्हणजे दोन तुकडे जोडून. माझ्या मशीनवर शिफ्ट-डीने अ येतो आणि शिफ्ट-दोनने अर्धचंद्र. शिफ्ट-एकवर एवर अर्धचंद्र दिलेलं अक्षर येतं, ते हिंदीचं, मराठीत नको.

खरा ॲ वर्डमध्ये असा आणा: इंग्रजीवर जा, ०९७२ हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाइप करा, लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा. आकडे जाऊन ॲ येईल. प्रत्येक वेळी हे करत बसू नका. पूर्ण मजकूर सवयीप्रमाणे लिहा आणि शेवटी दोन तुकड्यांचा अॅ शोधून त्या जागी हा ॲ घाला. इथे ‘रिप्लेस ऑल’ बिनधास्त दाबा, दुसरा कुठलाही शब्द बिघडत नाही.

हेच ऑल्ट-एक्स तपासायलाही कामी येतं. शंका असलेल्या अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून दाबा, त्याचा क्रमांक दिसेल. पूर्ण अक्षराच्या जागी ०९७२ आलं तर ॲ बरोबर आहे. अ तसाच राहून पुढे ०९४५ आलं तर तो तुकड्यांचा. पुन्हा दाबलं की अक्षर जागेवर येतं.

द्ध आणि ध्द यांबद्दल मला फार वाटतं, कारण प्रभादेवीच्या सिद्धिविनायकापासून प्रत्येक बुद्धविहारापर्यंत हे अक्षर रोजच्या कागदांवर येतं. बुद्ध म्हणताना आधी द, मग ध. म्हणून ओ, डी, शिफ्ट-ओ. दोन्ही अक्षरं एकाच बटणावर असल्याने शिफ्ट आधी दाबलं जातं आणि ‘बुध्द’ होतो. शुद्ध, प्रसिद्ध, उद्धार, सगळीकडे द आधी. ‘वाङ्मय’मध्ये मात्र ड नाही, ङ आहे: शिफ्ट-यू, डी, सी.

ल पाकळीचा आणि श देठाचा येत नाही अशी तक्रार असेल तर कीबोर्डला हात लावू नका. तो फॉन्टचा मामला आहे, मराठी वळणाचा फॉन्ट निवडा. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर इंग्रजी (भारत) कीबोर्ड जोडा आणि उजवा ऑल्ट धरून चार दाबा.

काळा घोड्याच्या मॅक्समुलर भवनात जर्मन शिकणारी मुलं बायोडाटा घेऊन येतात, त्यांनाही हेच सांगते. त्यांचं दुहेरी एससारखा उच्चार असलेलं अक्षर एस्त्सेट (ß) वर्डमधल्या ‘सिम्बॉल’च्या तक्त्यातून काढताना बरेच जण ग्रीक बीटा उचलतात. दिसायला जवळचा, पण अक्षर वेगळं, लिपीही वेगळी. त्यापेक्षा ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ कीबोर्ड जोडा. उजवा ऑल्ट आणि एस दाबलं की एस्त्सेट येतो. टिंबांच्या स्वरासाठी आधी दुहेरी अवतरणचिन्ह, मग ए, ओ किंवा यू. फ्रेंचच्या ईवरच्या तिरक्या रेघेसाठी एकेरी अवतरणचिन्ह आणि मग ई. या कीबोर्डवर अवतरणचिन्ह दाबल्यावर लगेच काही उमटत नाही, तो पुढच्या अक्षराची वाट बघतो. नुसतं चिन्हच हवं असेल तर त्यानंतर स्पेस दाबा.