मोठा चौकोनी रेशमी स्कार्फ कसा बांधावा: आधी घडी, मग गाठ

स्कार्फ गळ्याभोवती घेतला, आरशात बघून छान गाठ मारली, आणि तासाभरात ती गाठ मानेमागे सरकली. एक टोक छातीवर लोंबतंय, दुसरं कॉलरमध्ये गडप झालंय. असं झालं की आपण गाठीला दोष देतो आणि नवी गाठ शिकायला निघतो. मीही बरीच वर्षं तेच करत होते. हळूहळू लक्षात आलं की चूक बहुतेक वेळा गाठीत नसते, तिच्या आधीच्या घडीत असते. रेशीम सुळसुळीत असतं. त्याची घडी नीट बसली, तर अगदी साधी गाठसुद्धा दिवसभर टिकते. म्हणून या लेखात घडीला जास्त जागा दिली आहे. तेवढा भाग वाचताना घाई करू नका.

आधी माप बघा

मोठा चौकोनी स्कार्फ म्हटलं की साधारण 90 बाय 90 सेंटीमीटरचा तुकडा डोळ्यांसमोर येतो. पॅरिसच्या एर्मेस या फॅशन कंपनीने 1937 साली चौकोनी रेशमी स्कार्फ बनवायला सुरुवात केली, आणि त्यांचा 90 सेंटीमीटरचा आकार जगभर रुळला. याहून मोठा, 140 सेंटीमीटरचा स्कार्फही मिळतो, पण तो शालीसारखा वापरायचा. 70 सेंटीमीटरचा गळ्याला किंवा केसांना पुरतो.

खरं उपयोगाचं माप मात्र बाजूचं नाही, कर्णाचं आहे. 90 सेंटीमीटरच्या चौकोनाचा कर्ण 127 सेंटीमीटर भरतो, 70 च्या चौकोनाचा 99 आणि 140 च्या चौकोनाचा 198. गळ्याचा घेर 35 सेंटीमीटर धरला, तर 127 सेंटीमीटरच्या पट्टीचे दोन वेढे घेतल्यावर 57 सेंटीमीटर उरतात. त्यातले दहा-बारा गाठीत जातात, आणि प्रत्येक बाजूला वीत-सव्वा वीत टोक राहतं. दोन वेढ्यांची गाठ 90 च्या स्कार्फवर सुरेख दिसते आणि 70 च्यावर ओढूनताणून बसवल्यासारखी वाटते, ती यामुळेच.

कापडाचंही तसंच. ट्विल विणीत बारीक तिरक्या रेघा असतात. त्या एकमेकींना धरतात, म्हणून ट्विलची गाठ पक्की राहते. सॅटिन फार चमकतं आणि तेवढंच घसरतं, त्याला एक वेढा जास्त द्यावा लागतो. शिफॉन आणि क्रेप हलके असतात, गाठ लहान होते, टोकं भुरभुरतात. शिकायला सुरुवात करायची तर ट्विलच घ्या.

तिरकी पट्टी: सगळ्यांत महत्त्वाची घडी

कापडाचे धागे काठाला समांतर असतात, उभे आणि आडवे. काठाच्या दिशेने ओढलं तर कापड ताणत नाही. कर्णाच्या दिशेने ओढलं तर मात्र ते थोडं ताणतं, वळतं, मानेच्या गोलाईवर मऊ बसतं. गळ्यातल्या बहुतेक बांधण्या कर्णावरच्या घडीने सुरू होतात, त्यामागे हेच कारण आहे.

1. स्कार्फ टेबलावर किंवा गादीवर उलट बाजू वर करून पसरा. एक कोपरा तुमच्याकडे, एक समोर, दोन बाजूंना. तळहाताने सुरकुत्या काढा.
2. तुमच्याकडचा आणि समोरचा, असे दोन्ही कोपरे मधोमध आणून एकमेकांना भिडवा. रुंदी आता साधारण 64 सेंटीमीटर झाली.
3. दोन्ही दुमडलेल्या कडा पुन्हा मध्यापर्यंत आणा, म्हणजे 32.
4. आता एक कडा दुसरीवर टाकून पट्टी निम्मी करा, म्हणजे 16. पुन्हा निम्मी केली की 8 सेंटीमीटर. गळ्याला एवढी रुंदी पुरे.

चौथ्या पायरीवर पट्टी हवेत उचलून दुमडू नका, तिथेच ती पिळते. टेबलावरच दुमडा आणि प्रत्येक घडीनंतर मध्यापासून टोकाकडे एकदा हात फिरवा. पट्टी उचलताना दोन्ही टोकं धरून हलकेच ताणा. मधोमध धरून उचललीत तर सगळी घडी सुटेल.

दुसरी घडी सोपी आहे. एक कोपरा समोरच्या कोपऱ्यावर ठेवा, त्रिकोण झाला. त्याची लांब बाजू 127, उंची 64. मी दोन्ही कोपरे अगदी तंतोतंत जुळवत नाही, एखाद सेंटीमीटर पुढे-मागे ठेवते. मग काठाच्या दोन रेषा दिसतात आणि नक्षीला खोली येते.

तिसरी घडी चुण्यांची. हातपंखा मिटावा तशा काठाला समांतर चार-पाच सेंटीमीटरच्या चुण्या एकावर एक पाडत जायच्या. ही पट्टी कर्णावर नसते, म्हणून लांबी 90 सेंटीमीटरच राहते.

गाठ: दोन्ही वेळा तेच टोक वरून

टोकं आडवी न बसता एक वर, एक खाली अशी उभी राहत असतील, तर दुसरी गाठ चुकीच्या दिशेने पडली आहे. उजवं टोक डाव्यावरून घालून खालून काढा, ही पहिली अर्धी गाठ. तेच टोक आता डावीकडे आलं. दुसऱ्या वेळीही तेच टोक दुसऱ्यावरून न्या आणि खालून काढा. दोन्ही वेळा एकच टोक वर राहिलं की निरगाठ सपाट बसते आणि टोकं पट्टीच्या रेषेत पडतात. रेशमात हा फरक फार मोठा आहे, कारण तिरकी पडलेली गाठ हालचालीबरोबर सैल होत जाते.

गाठ ओढताना टोकं खेचू नका. गाठीच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना धरून बसवा. घट्ट आवळण्याची गरज नसते. रेशमाची घट्ट गाठ सोडवताना धागा निघतो, आणि निघालेला धागा परत जागेवर बसवणं अवघड.

गळ्यात

सुरुवातीला त्रिकोण पुढे घेऊन बघा. लांब बाजू गळ्याशी, टोक छातीवर, बाजूची दोन टोकं मानेमागे नेऊन फुलीने पुढे आणायची आणि त्रिकोणाच्या खाली निरगाठ मारायची. गाठ झाकली जाते, नक्षी पूर्ण दिसते. त्रिकोणाचा मध्य हनुवटीच्या रेषेपासून थोडा बाजूला सरकवलात तर बांधणी सैलसर आणि सहज दिसते. नेमकी मधोमध बसवली तर जरा गणवेशासारखी वाटते.

दोन वेढ्यांची बांधणी तिरक्या पट्टीची. पट्टीचा मध्य गळ्यापुढे ठेवा, टोकं मागे नेऊन अदलाबदल करून पुढे आणा आणि बाजूला, कानाच्या खाली, लहान गाठ मारा. शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवून ही पट्टी आत बसवली तर पुरुषांनाही शोभते. त्यांनी गाठ पुढे, गळ्याच्या खळग्यात घ्यावी आणि टोकं शर्टात खोचावीत.

मला सगळ्यांत जास्त आवडते ती ओवलेली गाठ, आणि सुळसुळीत स्कार्फसाठी मी तीच सुचवते. पट्टी गळ्यात टाका, एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर लांब ठेवा. लांब बाजूवर, छातीच्या उंचीवर, एक सैल एकेरी गाठ मारा. तिच्या मध्यातून दोन बोटं जातील एवढी सैल. आता आखूड टोक त्या गाठीतून वरून खाली ओवा आणि गाठ हलकेच आवळा. झालं. ही गाठ वर-खाली सरकवता येते, उकडलं तर सैल करता येते, आणि दिवसभरात मानेमागे जात नाही, कारण दोन्ही बाजूंचं वजन पुढेच असतं. पहिल्या दोन-तीन वेळा एकेरी गाठ पिळल्यासारखी होईल. तेव्हा ती सोडून पुन्हा मारा, वरचा भाग बोटाने पसरून सपाट करा, आणि मगच टोक ओवा.

चुण्यांच्या घडीची गंमत टोकांत आहे. गळ्याशी बाजूला एकच निरगाठ मारायची आणि दोन्ही टोकांच्या चुण्या मोकळ्या सोडायच्या. त्या पंख्यासारख्या उघडतात. इथे 90 सेंटीमीटरमधून एकच वेढा निघतो, दुसऱ्याचा मोह धरू नका.

एक वेगळी बांधणी साध्या, नक्षी नसलेल्या कपड्यावर खुलते. स्कार्फ उलटा पसरा, मधोमध चिमटीत धरून तीन-चार सेंटीमीटरची छोटी गाठ मारा किंवा तिथे मऊ रबरबँड लावा. स्कार्फ सुलट करा, गाठ आत गेली. समोरासमोरचे दोन कोपरे मानेमागे बांधा. गळ्यापुढे कापड घोळदार पडतं, जणू ब्लाउजचाच भाग असावा. ही आरशासमोर उभं राहून करा, कारण घोळ कुठे उतरतोय ते हाताला कळत नाही.

डोक्यावर आणि केसांत

त्रिकोण डोक्यावर घेऊन हनुवटीखाली गाठ मारायची बांधणी राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या छायाचित्रांतून जगाला ओळखीची आहे. टोकं हनुवटीखाली फुलीने ओलांडून मानेमागे, त्रिकोणाच्या शेपटीवर बांधली की झाली हॉलीवूडची अभिनेत्री ग्रेस केली हिची बांधणी. वाऱ्यात दुसरीच बरी, कारण ती गळाही झाकते आणि मागून उडत नाही.

धुतलेल्या गुळगुळीत केसांवर रेशीम टिकत नाही, ही तक्रार खरी आहे. कपाळाकडची कडा आधी दोनदा तीन-तीन सेंटीमीटर आत दुमडा, म्हणजे तिला थोडा जाडपणा आणि पकड येते. त्याखाली सुती हेअरबँड घातलात तर प्रश्नच मिटतो. पिना लावायच्याच असतील तर त्या केसांत, स्कार्फच्या दुमडीखाली लपवून लावा. रेशमातून टोकदार पिन कधी आरपार घालू नका, भोक राहतं.

अंबाड्याभोवती किंवा पोनीटेलला तिरकी पट्टी बांधताना आधी रबरबँडने केस पक्के करा. केस धरण्याचं काम रेशमावर सोपवू नका.

खांद्यावर, कमरेला

140 सेंटीमीटरचा स्कार्फ असेल तर त्याचं बाह्यांचं जाकीट करता येतं. स्कार्फ मधोमध दुमडून 140 बाय 70 चा आयत करा. एका लहान बाजूचे दोन मोकळे कोपरे एकमेकांना बांधा, दुसऱ्या बाजूचेही तसेच. दोन भोकं झाली, त्यांतून हात घाला आणि दुमडीची कडा मानेमागे घ्या. 90 च्या स्कार्फमध्ये हे जमत नाही, खांद्यांना अडतं.

कमरेला तिरकी पट्टी पट्ट्याच्या लुपांतून ओवा आणि गाठ कंबरेच्या हाडावर घ्या. मधोमध घेतलेली गाठ बसताना टोचते.

वापरताना आणि काढल्यावर

अत्तर आणि हेअरस्प्रे आधी मारा, ते वाळू द्या, मग स्कार्फ घ्या. अल्कोहोलचे डाग रेशमावर राहतात. दुचाकी, सायकल किंवा फिरत्या यंत्राजवळ मोकळी टोकं ठेवू नका, ती कपड्यात खोचा. नृत्यांगना इसाडोरा डंकन 14 सप्टेंबर 1927 रोजी नीस शहरात मोटारीत बसल्या होत्या. त्यांचा लांब रेशमी स्कार्फ चाकात अडकला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. माझ्या एका मैत्रिणीच्या ओढणीचं टोक स्कूटरच्या चाकाजवळ गेलेलं मी पाहिलं आहे. तेव्हापासून निघण्यापूर्वी टोकं तपासल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही.

घरी आल्यावर गाठ लगेच सोडा, रात्रभर ठेवली तर तिची सुरकुती पक्की होते. इस्त्री उलट बाजूने, मंद, किंचित ओलसर कापडावर. हाताने वळून शिवलेल्या गोल काठावर मात्र इस्त्री नेऊ नका. तो फुगीर काठच स्कार्फच्या टोकांना वजन देतो, आणि टोकं त्याच वजनाने खाली सरळ पडतात. कपाटात ठेवताना दर वेळी घडी थोडी वेगळ्या जागी मोडा, म्हणजे एकाच रेषेवर धागे झिजणार नाहीत.