कूलरचा टायमर भर दुपारीच रिसेट होतो? आधी सप्लाय बघा

मागच्या मे मध्ये मी कूलरच्या पंपासाठी ईएसपी३२ वर (वायफायवाला छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) टायमर केला, दहा मिनिटं पंप चालू, पाच मिनिटं बंद, खस ओली राहते न पाणीबी वाचते. सकाळी एकदम मस्त चालायचा, दुपारी दोन वाजले की थोड्या थोड्या वेळानं आपोआप रिस्टार्ट. दोन दिवस मी कोडमध्येच डोकं घालून बसलो, कोडात काही नव्हतंच.

तर बोर्ड मधूनच रिसेट होत असेल, वायफाय लागतानाच मरत असेल किंवा सेन्सर भलतेच आकडे देऊन राहिला असेल, तर कोड उघडायच्या आधी सप्लाय बघा. ईएसपी३२ ला सिरीयल मॉनिटर (बोर्डाचे मेसेज कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी) लावून ठेवायचा, 'ब्राऊनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' अशी ओळ आली की बोर्डानंच सांगितलं समजा, व्होल्टेज पडतंय. ओळ नाही आली तरी सप्लायला लगेच सोडू नका.

आता मल्टिमीटर. सगळे अ‍ॅडॅप्टरच्या टोकाला मोजतात न म्हणतात पाच व्होल्ट येऊन राहिले ना भाऊ. तिथं येतीलच! मोजायचं चिपजवळ, बोर्डाच्या स्वतःच्या ग्राउंडवर काळा प्रोब ठेवून, न सर्किट पूर्ण लोडवर चालू असताना. स्वस्तातली बारीक यूएसबी केबल जाता-येता मिळून ०.४ ओहम जरी असली तरी अर्ध्या अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथंच खाते, वरून ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पट्टी) ढिल्या जंपर वायरी. आणि लांब ब्रेडबोर्डची लाल-निळी पट्टी कधीकधी मधोमध तुटलेली असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एक अख्खी संध्याकाळ गेली त्यात.

पण मीटर सरासरी दाखवतो. वायफाय सिग्नल पाठवताना ईएसपी३२ क्षणभरासाठी काहीशे मिलिअँपिअर ओढतो, तेवढ्यातला खड्डा मीटरला दिसत नाही. ऑसिलोस्कोप नसेल तर जुगाड असा की ३.३ व्होल्ट न ग्राउंडमध्ये बोर्डाजवळच ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघायचा, सप्लाय बंद करून लावा न प्लस-मायनस नीट बघा, उलटा लागला तर फुटतो. रिसेट थांबले किंवा कमी झाले तर खड्डाच होता.

अ‍ॅडॅप्टरवर २ अँपिअर छापलंय म्हणून तो देतोच असं नाही. १२ व्होल्टवाला असेल तर स्कूटरच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब त्याच्यावर लावा, साधारण ०.८ अँपिअर ओढतो, न पेटलेला असतानाच व्होल्टेज मोजा. ११ च्या खाली बसला तर नागपूरच्या बर्डी बाजारातून दुसरा आणा. मीटरची लाल वायर करंटच्या भोकात असताना सप्लायच्या दोन टोकांना प्रोब लावू नका मात्र, सरळ शॉर्ट होते, मी एक फ्यूज असाच उडवलाय.

माझ्या केसमध्ये अ‍ॅडॅप्टर चांगला होता. गुन्हेगार निघाला ७८०५, म्हणजे जास्त व्होल्टेजचे ५ व्होल्ट करून देणारा रेग्युलेटर. १२ व्होल्ट आत, ५ बाहेर, म्हणजे मधले ७ व्होल्ट तो नुसते उष्णतेत जाळतो. बोर्ड न रिले (पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) मिळून २०० मिलिअँपिअर धरले तर १.४ वॅट. हीटसिंक नसेल तर दर वॅटला साधारण ६५ अंश चढतात, म्हणजे आजूबाजूच्या हवेपेक्षा ९१ अंश वर. डिसेंबरात २० अंशात तो १११ वर आरामात बसेल. पण बाहेर ४५, न बंद प्लास्टिकच्या डब्यात हवा ६० झालेली, तर झाले की नाही १५१? ७८०५ मध्ये स्वतःला वाचवायची सोय असते, लय तापला की आउटपुट बंद करतो, थंड झाला की परत चालू. म्हणून दुपारीच. तपासायला सोपं आहे, झाकण उघडून टेबल फॅन मारा, रिसेट थांबले तर हेच. बोट लावून बघू नका, चटका बसतो.

इलाज म्हणजे एलएम२५९६ चा बक मॉड्यूल, तोही व्होल्टेज कमीच करतो पण जास्तीचे व्होल्ट उष्णतेत जाळत नाही. फक्त बोर्ड जोडायच्या आधी स्क्रू फिरवून आउटपुट ५ व्होल्टवर आणा, मॉड्यूल भलत्याच व्होल्टेजवर सेट होऊन आलेला असू शकतो न बोर्ड तिथंच जातो.

रिले वाजला की नेमका रिसेट होत असेल तर पंपाची वायर रिलेतून काढा (प्लग ओढूनच, २३० व्होल्ट आहेत) आणि रिले नुसता टकटक वाजू द्या. तरीही रिसेट झाला तर भानगड कॉइलच्या (रिलेतली तारेची गुंडाळी) बाजूला आहे, सप्लाय कमी पडतोय नाहीतर कॉइलवर १एन४००७ डायोड नाही. रेघेची बाजू प्लसला. तयार रिले मॉड्यूलवर तो बहुतेक असतोच. पंप काढल्यावरच थांबला तर पंपाची ठिणगी त्रास देऊन राहिली, मग रिलेच्या कॉन्टॅक्टवर १०० ओहमचा रेझिस्टर न ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर (घरच्या विजेवर लावायसाठीच बनलेला) सिरीजमध्ये लावा, साधा कपॅसिटर तिथं अजिबात नको.

माझ्या डब्याला आता बक आहे, झाकणाला आठ भोकं पाडलीत, न या वर्षीचा नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस) एकही रिसेट न होता निघाला. ७८०५ ड्रॉवरमध्ये पडलाय, हिवाळ्यात कुठंतरी लावू त्याला.