गाडीच्या टपावरच्या कॅरिअरवर लाइट बसवताय? आधी वायरीकडं बघा

फेब्रुवारीतली रात्र होती. केज तालुक्यातल्या आमच्या शिवारात उसानं भरलेल्या ट्रॉलीचं मागचं चाक काळ्या मातीत रुतून बसलेलं. मी जीप आडवी लावली आणि टपावरचे दोन्ही लाइट पेटवले. फड दिवसासारखा उजळला. पाचेक मिनिटांनी गाडीत रबर जळाल्याचा वास आला, मग डॅशबोर्डखालून धूर. बोनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल पान्यानं उपटून काढेपर्यंत घशाला कोरड पडली होती.

सकाळी उजेडात कारण सापडलं. टपावरची वायर ड्रायव्हरच्या दाराच्या फटीतून आत घेतली होती. वर्षभर दार आपटून तिचं प्लास्टिक सोललं आणि तांबं चौकटीच्या पत्र्याला टेकलं. बॅटरीजवळ फ्यूज असता तर तो उडून काम भागलं असतं, फ्यूज नव्हताच. वायरिंग करणाऱ्याला दोष देऊन मोकळा झालो असतो, पण पैसे मोजताना मी फक्त उजेड किती पडतो एवढंच बघितलं होतं. तेच लाइट आजही टपावर आहेत. वायर तेवढी सगळी नवी आहे, आणि माझ्या हातची.

आधी कायद्याचं

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई करतो. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी घेऊनच तो लावता येतो. म्हणून हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या. आणि डांबरी रस्त्यावर हे लाइट लावायचेच नाहीत. टपावरच्या उजेडाला डिप्पर नसतो. मांजरसुंब्याच्या घाटात समोरच्याच्या डोळ्यांत तो घुसला तर त्याला वळण दिसणार नाही. हंगामात कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या बैलगाड्या असतात, त्यांचे बैल बुजतात ते वेगळंच. रात्रपाळीची लाइट आली की मोटार सुरू करायला जाणं, खळ्यावरची मळणी, फडातली भरणी, यांसाठी हे लाइट. पुढं लिहिलंय ते सगळं शेतातल्या कामापुरतं.

कोणता लाइट

बाजारात लांब पल्ल्याचा झोत टाकणारे स्पॉट आणि उजेड पसरवणारे फ्लड असे दोन प्रकार मिळतात. कामाला फ्लडच घ्या. झोताचा लाइट तीन बांधांपलीकडची बाभळ दाखवतो, पण पायाजवळचा साप दाखवत नाही. खोक्यावर लिहिलेल्या वॅटवर मी विश्वास ठेवत नाही. दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडून मल्टिमीटरवर अँपिअर बघा, मोठाल्या आकड्यांच्या स्वस्त पट्ट्या निम्माही करंट ओढत नाहीत असं मी पाहिलंय. आयपी ६७ लिहिलेला लाइट धूळ पूर्ण अडवतो आणि थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी टिकतो. आपल्याकडं पावसापेक्षा धुळीचाच त्रास जास्त.

मी इथं उदाहरणाला ३६ वॅटचे दोन लाइट धरतोय. ७२ भागिले १२, म्हणजे ६ अँपिअर. पुढचा सगळा हिशोब या सहावर उभा आहे.

कॅरिअरवर बसवणं

हे काम तासाभराचं. कॅरिअरच्या पुढच्या आडव्या पाइपला क्लॅम्प लावा आणि पाइप व क्लॅम्प यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी द्या. पाइपला भोक पाडायचं टाळा, तिथूनच गंज धरतो. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले वापरा. साधा नट आमच्या पांदीच्या रस्त्यावर आठवडाभरात सैल होतो.

लाइट अगदी कडेला पुढं ओढू नका. पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून वीतभर मागं ठेवले तर टपाची कड उजेड अडवते आणि तो बोनेटवर पडत नाही. बोनेट चकाकलं की पुढचं काहीच दिसत नाही. पांढऱ्या गाडीवाल्यांना हे पहिल्याच रात्री कळतं. कॅरिअर, लाइट आणि वर ठेवायचं सामान मिळून वजन कंपनीनं टपासाठी सांगितलेल्या मर्यादेत हवं. गाडीची नवी उंची एकदा टेपनं मोजून घ्या. रेल्वेखालचा बोगदा आणि घरासमोरच्या लिंबाची फांदी, दोन्हींशी तिचा संबंध येतो.

वायर किती जाड

बॅटरीपासून टपापर्यंत वळणं धरून ५ मीटर वायर लागते. करंटाला परतही यायचं असतं, म्हणून १० मीटर मोजा. पाऊण चौरस मिमीची बारीक वायर टाकली तर ६ अँपिअरला दीड व्होल्टच्या आसपास वाटेतच खाल्ले जातात. अडीच चौरस मिमीला हीच गळती अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. जुना हॅलोजन कमी व्होल्टवर पिवळा पडतो. चांगल्या एलईडीतलं करंट सांभाळणारं सर्किट (त्याला ड्रायव्हर म्हणतात) ती तूट भरून काढायला जास्त करंट ओढतो आणि वायर आणखी तापते. तेव्हा अडीचची, बारीक तारांची, तांब्याची ऑटो वायर घ्या.

बोअरच्या मोटारीची चपटी केबल प्रत्येकाच्या शेडमध्ये उरलेली असते आणि हात तिकडंच जातो. टपावर ती चालून जाईल. बोनेटखाली इंजिनच्या उष्णतेला मात्र ती नको. शिवाय ती ताठ असते, वळणावर नीट बसत नाही.

फ्यूज आणि रिले

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत १० अँपिअरचा फ्यूज, पाणी न जाणाऱ्या होल्डरमध्ये. फ्यूज असतो तो वायरीसाठी. म्हणून तो लाइटजवळ लावून काही उपयोग नाही, मधली सगळी वायर उघडी पडते. माझी पडली होती. फ्यूज परत परत उडत असेल तर ३० चा टाकू नका, वायर शोधा.

रिलेचं काम मोटारीच्या स्टार्टरवरून समजून घ्या. हिरवं बटण दाबायला बोटाचं बळ पुरतं, थ्री फेजचा करंट डब्यातले पॉइंट झेलतात. रिलेही तसाच. गाडीतल्या स्विचमधून चिमूटभर करंट जातो, लाइटचा करंट बाहेरच्या बाहेर. ६ अँपिअर एखादा चांगला स्विच थेटही पेलेल, पण मग जाड, सतत चालू असलेली वायर गाडीच्या आत आणावी लागते. माझ्याकडं धूर त्या वायरीचाच झाला. शे-दोनशे रुपयांसाठी ती जोखीम घेऊ नका.

रिलेच्या बुडाशी चार पिनांवर आकडे कोरलेले असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर. ८७ वरून लाइटकडं जाणारी. ८६ वर स्विचकडून येणारी बारीक वायर. ८५ वर बॉडीला जाणारी अर्थची वायर. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए मोकळी सोडा, तिला नुसती टेप मारा. रिले १२ व्होल्टचा, ३० किंवा ४० अँपिअरचा घ्या. ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते, तिचा रिले इथं चालणार नाही. बसवताना पिना खाली, डोकं वर, म्हणजे बोनेटमध्ये शिरलेलं पाणी आत साठत नाही.

वायरीचा रस्ता

कामाला हात लावण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. आधी निगेटिव्हच, आणि जोडताना तो सगळ्यात शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की वेल्डिंगसारखी ठिणगी पडते.

टपावरून वायर खाली आणायचा माझा रस्ता असा: कॅरिअरच्या पाइपच्या आतल्या अंगानं, तिथून टपाच्या पन्हाळीतून पुढं, मग काचेच्या कडेच्या खांबाला बाहेरून चिकटून बोनेटच्या कोपऱ्यात. सगळी वायर काळ्या करुगेटेड पाइपमध्ये, दर वितीला केबल टाय. उन्हात टिकणारे काळे टाय घ्या, पांढरे दोन उन्हाळ्यांत तडकतात. खांबाच्या आतल्या प्लास्टिकखालून वायर नेली तर दिसायला सुबक दिसते, पण नव्या गाड्यांत तिथं पडद्याची एअरबॅग असते. तिच्या वाटेत वायर घालायची नाही. बोनेट लावताना वायर बिजागरीत किंवा कडेला चेपत नाही ना, ते तीन-चारदा उघडझाप करून बघा.

बोनेटमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली लोंबणारा एक झोल द्या, इंग्रजी यू अक्षरासारखा. वरून वायरीवरनं ओघळत आलेलं पाणी त्या झोलाच्या तळाशी येऊन टपकतं आणि आत जात नाही. झोल दिला नाही तर पाणी थेट जोडापर्यंत पोहोचतं.

स्विचची बारीक वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या, भोकात आधीच असलेल्या रबरी कडीतून (ग्रोमेटमधून) आत घ्या. नवं भोक पाडलंच तर त्याला ग्रोमेट हवाच. स्विचला करंट चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून द्या. फ्यूजबॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप मिळतो, त्यात ३ अँपिअरचा फ्यूज टाका. कंपनीची वायर सोलायची गरज नाही. चावी काढली की लाइट बंद, त्यामुळं सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ येत नाही.

अर्थिंग

निम्म्या तक्रारी इथल्याच. लाइटची काळी वायर कॅरिअरच्याच बोल्टला लावून बरेच जण मोकळे होतात. पण कॅरिअरला रंग असतो आणि खाली रबराचे पाय. करंट परतणार कुठून? मग लाइट मिचमिचतात आणि दोष लाइटला. परतीची वायरही अडीचचीच, खालीपर्यंत आणा आणि बोनेटखाली बॉडीच्या मूळ अर्थ बोल्टला लावा. थिंबल (वायरीच्या टोकाची बोल्टला लावायची धातूची कडी) बसवण्याआधी रंग पॉलिश पेपरनं घासा, पत्रा चमकला पाहिजे. नंतर वरून थोडं ग्रीस. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सरचा डबा असलेल्या नव्या गाड्यांत तर थेट टर्मिनलला काही जोडूच नका, बॉडीलाच जोडा.

जोडाला नुसती पिळून टेप मारण्याची सवय सोडा. मे महिन्यात टपाचा पत्रा हात ठेवू देत नाही. त्या उष्णतेत टेपचा डिंक वितळून टेप आपोआप सुटते. थिंबल पक्कडीनं नाही, क्रिम्पिंगच्या पान्यानं दाबा आणि जोडावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. क्रिम्प झाल्यावर जोरात ओढून बघा. हातानं सुटला तो जोड पुढं कधीतरी आपोआपच सुटला असता.

तपासणी

इंजिन चालू करा, लाइट लावा. मल्टिमीटरनं आधी बॅटरीवर व्होल्ट बघा, मग लाइटच्या जोडावर. बॅटरीवर १४ च्या आसपास आणि लाइटवर साडेतेराच्या वर आले तर काम चोख. फरक जास्त असेल तर कुठला तरी जोड किंवा अर्थ कच्चा आहे. दहा मिनिटांनी फ्यूज होल्डर, रिले आणि प्रत्येक जोडाला हात लावा. रिले कोमट लागेल, ते ठीक. जोड चटका देत असेल तर तो कापून पुन्हा करा. मग टपावर बादलीभर पाणी ओता आणि परत लाइट लावून बघा.

लाइटचा रोख रात्री शेतातच ठरवा. गाडी सपाट जागी उभी करून लाइट किंचित खाली झुकवा, उजेड गाडीपासून आठ-दहा पावलांवर सुरू झाला पाहिजे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा. सोयाबीन घरात आल्यावर शेडमध्ये उंदीर वाढतात आणि त्यांना बोनेटखालची ऊब आवडते, तेव्हा त्या दिवसांत करुगेटेड पाइप कुरतडलाय का ते अधूनमधून बघत जा.

मी जुन्या सीटच्या रेक्झिनची दोन टोपडी शिवून घेतली आहेत, खाली इलॅस्टिक घातलेली. डांबरी लागली की ती लाइटवर चढतात. फक्त टोपडं घातलेलं असताना चुकून स्विच दाबायचा नाही. एलईडीच्या मागच्या पात्यांना वारा लागला नाही तर लाइट तापून बसतो. म्हणून मी स्विचवर लाल रंगाचा ठिपका दिलाय, आणि पोरालाही तो दाखवून ठेवलाय.