पाड्यावर शाळा चालवायची, तर आधी शेतीचं वर्ष समजून घ्या

मुंबईत नोकरी सांभाळून गावाकडच्या शाळेसाठी काम करायचं म्हणणारी तरुण मंडळी भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न इमारतीचा असतो. मी त्यांना शेतीबद्दल विचारते. आमचं काम पालघर जिल्ह्यात मोखाड्याकडच्या पाड्यांवर आहे. तिथे जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की मोठी मुलं शेतावर असतात आणि मधली धाकट्यांना सांभाळत घरी. भात, नाचणी, वरई घरात येते, दिवाळी होते आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर निघतात. ती परततात थेट पावसाच्या तोंडावर. जूनमधला गजबजलेला वर्ग पाहून शाळेबद्दल मत बनवू नका, जानेवारीत जाऊन बघा.

म्हणून आमचं सगळ्यात महत्त्वाचं काम दसऱ्याच्या आधीच सुरू होतं. घरोघर जाऊन विचारायचं: कोण जाणार, कुठल्या भट्टीवर, आजी-आजोबा मागे राहणार का? आजी राहणार असेल तर मूल राहू शकतं, पण त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय झाली तरच. यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिच्यासाठी जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना वेळेत भेटावं लागतं. जी मुलं जाणारच, त्यांना शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं) मिळवून द्या आणि भट्टीजवळच्या शाळेत फोन करून ठेवा. मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचं, ही वाट आपल्याच भागात पाडली गेली आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूकडच्या बोर्डीला काम सुरू केलं. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर मजुरांच्या झोपड्यांजवळ (भोंगा म्हणजे तिथली झोपडी) भोंगाशाळा भरवल्या. नव्याने येणाऱ्याने हे काम आधी नीट समजून घ्यावं.

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. महाराष्ट्रात नवी खासगी शाळा काढायची तर २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या) शाळांचा कायदा लागतो. अशा शाळेला शालेय पोषण आहार मिळत नाही. गरीब पाड्यावर ही छोटी गोष्ट नाही. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की जवळ जिल्हा परिषदेची शाळा चालू असेल तर तिथली मुलं ओढू नका. बालवाडी आणि संध्याकाळची अभ्यासिका सुरू करा, मुलांची नावं त्याच शाळेत राहू द्या. जागेचंही सांभाळा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे विकत, बक्षीस किंवा भाड्यानेही घ्यायची तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली पूर्वपरवानगी लागते. प्रेमाने कोणी जागा देऊ केली तरी आधी तलाठ्याकडे सातबारा पाहा.

पैशांचा खरा प्रश्न पगाराचा. मुंबईतले देणगीदार दप्तरं, बाकं, संगणक आनंदाने देतात. दर महिन्याच्या पगारासाठी मात्र पुन्हा पुन्हा जाऊन समजवावं लागतं. प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असं शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट सांगतं. म्हणजे शाळा कितीही लहान असली तरी दोन पगार ठरलेलेच. वर्षभराचे पगार हातात असल्याशिवाय नवा वर्ग जाहीर करू नका. पाड्यावरचीच बारावी झालेली मुलगी बालवाडीला मिळाली तर तिला आधी घ्या आणि डी.एल.एड. या शिक्षक पदविकेसाठी मदत करा. वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीपर्यंत हात धरून तीच आणू शकते. मी मुंबईहून कितीही वेळा गेले तरी ते मला जमणारं नाही.

वाढ करायची ती खालून, एकेक इयत्तेने. आम्ही एकच कसोटी ठेवली आहे: भट्टीवरून परतलेली मुलं जूनमध्ये पुन्हा वर्गात येऊन बसली का? ती आली नसतील तर पुढचा वर्ग थांबतो, मग देणगीदार कितीही उत्सुक असू दे.

पहिल्यांदा जाणार असाल तर दादरहून पहाटेची कसारा लोकल घ्या आणि पुढे विहीगाव-खोडाळा मार्गे जीपने. रविवारी जाऊ नका, शाळा भरलेली असेल त्या दिवशी जा. आधी केंद्रप्रमुखांना (आसपासच्या जिल्हा परिषद शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) भेटा, मग पाड्यावर. खाऊ, कपडे काही नेऊ नका. एक वही न्या आणि कुठल्या घरातलं कोण कुठे कामाला जातं, एवढंच पहिल्या भेटीत लिहून आणा.