टू-फॅक्टर होतं, तरीही अ‍ॅड अकाउंट गेलं

टू-फॅक्टर (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री) लावलंय म्हणून निवांत असाल, तर हे तुमच्यासाठीच आहे. जाहिरातीच्या कामात नवीन आलेल्या प्रत्येकाला तेच ते सांगतात: पासवर्ड मोठा ठेव, टू-फॅक्टर लाव, ओटीपी कुणाला देऊ नको. त्यात खोटं काही नाही. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या ज्या छोट्या एजन्सीत मी काम शिकले, तिथे हे सगळं नीट पाळलं जायचं. तरी एका चप्पलवाल्या क्लायंटचं जाहिरातींचं अकाउंट चोराच्या ताब्यात गेलं. पासवर्ड कुणी विचारला नव्हता आणि ओटीपी तर कुणाच्या फोनवर आलाच नाही.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. त्यानंतर चप्पल लाईनमधल्या कितीतरी दुकानदारांचं लक्ष परदेशी ऑर्डरकडे लागलं. अशा हवेत युरोपातल्या खरेदीदाराच्या नावाने मेल आला, तर संशय कोण घेणार? ‘तुमच्या जाहिराती बघितल्या, डिझाइन आणि बजेट जोडलंय, दर कळवा.’ खाली ड्राइव्हची लिंक. त्यात झिप, झिपला पासवर्ड, आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये. मालकांनी उत्साहाने मेल एजन्सीला पाठवला, एजन्सीने जाहिरातींच्याच लॅपटॉपवर उघडला. आत चपलांचे फोटो आणि एक पीडीएफ.

ती पीडीएफ नव्हतीच. विंडोज सहसा फाइलच्या नावातला शेवटचा भाग लपवतं. ‘बजेट.पीडीएफ.ईएक्सई’ (ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम) असेल तर दिसतं फक्त ‘बजेट.पीडीएफ’, आणि चिन्ह तर हवं ते लावता येतं. झिपला पासवर्ड कशाला? कुलूपबंद झिपच्या आत काय आहे ते मेलच्या किंवा ड्राइव्हच्या तपासणीला दिसत नाही, म्हणून. ज्या कुलपाची किल्ली त्याच मेलमध्ये दिलीय, ते कुलूप तुमच्या भल्यासाठी लावलेलं नाही. फाइलवर डबल क्लिक केलं, काहीच उघडलं नाही, ‘करप्ट असेल’ म्हणून सगळे पुढच्या कामाला लागले. काम तेवढ्यात झालेलं होतं.

नेमकं काय झालं, ते नीट समजून घ्या. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सकाळी गेटवर नाव-गाव विचारतात, ओळखपत्र बघतात आणि पास देतात. मग दिवसभर त्या पासावर कुठेही फिरा. वेबसाइटचं तसंच आहे. पासवर्ड आणि टू-फॅक्टर ही गेटवरची चौकशी. ती झाली की ब्राउझरमध्ये एक सेशन कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची छोटी नोंद, ठेवली जाते; हाच तुमचा पास, आणि त्यापुढे साइट तुम्हाला त्या कुकीवर ओळखते. त्या नकली पीडीएफच्या मदतीने चोराने तीच उचलून आपल्या ब्राउझरमध्ये घातली, तर त्याला गेटवर यावंच लागत नाही. तो आधीपासून आत आहे. मग तो स्वतःचा एक मेल आयडी बिझनेस मॅनेजरमध्ये (फेसबुकवर पेज, जाहिराती आणि कुणाला काय हक्क ते सांभाळायची जागा) पूर्ण हक्कांनी जोडतो, मूळ मालकाला काढतो आणि भलत्याच कुठल्या तरी मालाच्या जाहिराती तुमच्या कार्डावर चालवतो.

ही काही कोल्हापुरावर आलेली खास आपत्ती नाही. फेसबुकच्या बिझनेस अकाउंटवर डोळा ठेवून असंच करणाऱ्या ‘डकटेल’ या मालवेअरचा, म्हणजे चोरट्या प्रोग्रॅमचा, अहवाल विथसिक्युअर कंपनीने २०२२ मध्ये दिला होता. २०२३ मध्ये ‘नोडस्टीलर’ या तसल्याच मालवेअरबद्दल खुद्द फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये चॅटजीपीटीच्या नावाचं एक नकली क्रोम एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) सापडलं; तेही कुकी चोरून बिझनेस अकाउंट ताब्यात घेत होतं, आणि मिळत होतं क्रोमच्या अधिकृत स्टोअरवर!

आता थोडं कडू. महागडी टूल्स दोन-तीनशे रुपयांत देणारे ‘ग्रुप बाय’वाले माहीत असतीलच. ते तुम्हाला एक एक्स्टेंशन घालायला लावतात आणि पासवर्ड न देता तुम्ही दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये शिरता. कसे शिरता? त्याची कुकी तुमच्या ब्राउझरमध्ये येते म्हणून. जी युक्ती चोर वापरतो तीच तुम्ही पैसे देऊन विकत घेताय, आणि ज्या ब्राउझरमध्ये क्लायंटचं अकाउंट उघडं आहे त्यातच हे एक्स्टेंशन बसवताय. क्रॅक केलेल्या फोटोशॉपचं वेगळं सांगत नाही. आणि रीलवर ‘आठ दिवसांत अ‍ॅड एक्स्पर्ट’ करणारे जे गुरुजी आहेत, त्यांच्या कोर्समध्ये सुरक्षेवर एक तरी धडा आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी टेलिग्रामवरची क्रॅक टूल्सची लिंक मात्र बोनस म्हणून मिळते. माझं मत विचाराल तर उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलेलं पोरगं बरं, त्याला पहिल्या दिवशी मशीन बंद करायचं बटण दाखवतात.

घाबरू नका पण. उपाय साधे आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. जाहिरातींसाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवा, त्यात एकही एक्स्टेंशन नको. लॅपटॉप वेगळा ठेवता आला तर सोन्याहून पिवळं, कारण शिरलेला मालवेअर सगळ्याच प्रोफाइलच्या कुकी उचलू शकतो. अनोळखी झिप त्या मशीनवर उघडूच नका. विंडोजमध्ये फाइल नेम एक्स्टेंशन दिसू द्या. काम संपलं की नुसता टॅब बंद करू नका, लॉगआउट करा; त्याने तो पास रद्द होतो. रोज परत लॉगिन करायचा कंटाळा येतो, मलाही येतो.

क्लायंटचा पासवर्ड घेऊच नका. तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणाऱ्या एजन्सीत असाल तर दुसरी नोकरी शोधायला लागा. अकाउंट क्लायंटच्याच बिझनेस मॅनेजरमध्ये राहू द्या आणि तुम्ही पार्टनर म्हणून हक्क घ्या. शिकाऊ पोरांना पूर्ण हक्क कशाला? मालकाच्या घरातल्या एखाद्या भरवशाच्या माणसाला मात्र दुसरा अ‍ॅडमिन करा, म्हणजे एक बाहेर फेकला गेला तरी दुसरा आत असतो.

‘तुमचं पेज २४ तासांत बंद होणार’ हे मेसेज ओळखीचेच आहेत. फेसबुकने खरंच मेल पाठवलाय का, ते सेटिंगमधल्या अलीकडच्या ईमेलच्या यादीत दिसतं. गुगल अ‍ॅड्सला जाताना सर्चमध्ये टाइप करू नका, बुकमार्कवरून जा. त्याच नावाच्या नकली जाहिराती सर्चच्या माथ्यावर लावून लॉगिन चोरल्याचं जानेवारी २०२५ मध्ये उघड झालंय.

पैशाचं बघा. अकाउंटला खर्चाची मर्यादा लावा, पण अ‍ॅडमिन झालेला चोर ती वाढवू शकतो. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डावर लावलेली मर्यादा त्याच्या हातात नसते. छोट्या क्लायंटला मी आधी पैसे भरूनच जाहिरात चालवायला सांगते. जाईल तर भरलेलं तेवढंच जाईल.

आणि गेलंच, तर त्या लॅपटॉपचं इंटरनेट तोडा. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून सगळी सेशन्स बंद करा, मग पासवर्ड बदला. त्याच बाधित लॅपटॉपवर पासवर्ड बदलत बसलात तर नवा पासवर्डही चोराच्या हाती पडू शकतो. कॅम्पेन थांबवा, माणसांची आणि पार्टनरांची यादी तपासा, हटवण्याआधी स्क्रीनशॉट काढा. कार्ड ब्लॉक करताना बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कळवल्यानंतरच्या नुकसानाला बँक जबाबदार असते, त्यामुळे कळवल्याची वेळ नोंदलेली पाहिजे. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मालकांना कसं सांगायचं याचा विचार करत बसू नका, कार्ड त्यांच्या नावावर आहे, बँक त्यांच्याशीच बोलणार. त्यांना पहिल्या पाच मिनिटांत फोन गेला पाहिजे.